रविवारची चर्चा : रहस्यकादंबरी पूर्ण वाचून या

सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता, नवी पेठेत नेहमीच्या जागी या महिन्याच्या रहस्यकादंबरीवर चर्चा आहे.

खुनी कोण, हे ग्रुपवर कुणीही लिहू नये. अनेकांचं वाचन बाकी आहे.

भर उन्हाळ्यात लांब बाह्यांचा ब्लाउज घालून पाणी भरणारी बायको शेजाऱ्यांना दिसते, विचारत मात्र कुणीच नाही. तो भाग पुन्हा वाचा. माझ्या मते सगळं रहस्य तिथंच आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मारहाणीसोबत शिवीगाळ आणि घरखर्चाचे पैसे अडवणंही येतं, त्यावरही बोलू.

- ‘तिनं सहन का केलं?’ हा सूर नको.
- कुणी स्वतःचं काही सांगितलं, तर ते बाहेर जाता कामा नये.
- महिला हेल्पलाइन : १८१.