उंचावरची भरती चंद्राची नव्हे

संपादक महोदय,

ध्रुवाजवळच्या उच्च वातावरणावरील मजकुरात ‘भरती-ओहोटी’ हा शब्द येतो, आणि वाचणाऱ्याला लगेच चंद्र आठवतो. शब्द चुकीचा नाही, पण कोकणात भरती रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. 80 ते 100 किलोमीटरवरच्या वाऱ्याची मुख्य भरती, म्हणजे ठरावीक तासांनी होणारी त्याची चढ-उतार, घड्याळाला धरून असते. ती सूर्याच्या तापवण्याची. खालचे बाष्प आणि मधल्या थरातला ओझोन ऊन शोषतात, तिथून लाट वर निघते आणि हवा विरळ होईल तशी फोफावते.

ऊन दिवसातून एकदाच येते, मग ध्रुवाजवळची मुख्य लाट 12 तासांची का? ऊन दिवसा चढते-उतरते आणि रात्रभर शून्यावर राहते. या अर्ध्याच आकारात 24 तासांसोबत 12 आणि 8 तासांचे घटकही असतात. पृथ्वीच्या फिरण्यामुळे 24 तासांची लाट 30 अंश अक्षांशापलीकडे नीट वर चढू शकत नाही. 70 अंशांवर वर चढू शकणाऱ्या लाटेची मर्यादा पावणेतेरा तासांच्या आसपास असते, त्यामुळे 12 तासांची लाट तिच्यातून निसटून वर जाते. कोल्हापूरच्या अक्षांशावर दिवसाच्या लाटेला जो मान आहे, तो स्वीडनमधल्या किरुनाला नाही.

खरा घोळ आकड्यांत होतो. समजा, सरासरी वारा पूर्वेकडे सेकंदाला 10 मीटर आणि 12 तासांची लाट 40 मीटरची. मग एका वेळी वारा पूर्वेकडे 50 मीटर, आणि सहा तासांनी पश्चिमेकडे 30! दोन्ही मोजमापे बरोबरच.

हा वारा मोजणारे उल्का-रडार जळत्या उल्केचा विद्युतभारित माग साधारण 30 मेगाहर्ट्झच्या लहरींनी पकडते. माग वाऱ्यासोबत वाहतो. पाच अँटेना दिशा सांगतात, आणि परतलेल्या लहरींच्या वारंवारतेतला बदल (डॉप्लर) वेग. पण उल्का पहाटे सहाच्या सुमारास भरपूर आणि संध्याकाळी सहाला कमी. रोज त्याच वेळी नोंदींना भोक पडले, की लाटेचा तुकडा सरासरीत शिरतो. म्हणून नुसती बेरीज-भागाकार न करता चार-पाच दिवसांच्या तासवार वाऱ्यावर सरासरी, 24, 12 आणि 8 तासांच्या लाटा नोंदींशी जुळतील अशा एकदम बसवतात.

एवढ्यानेही चंद्राचा वाटा वेगळा निघत नाही. त्याची लाट 12 तास 25 मिनिटांची. सूर्याच्या 12 तासांपासून ती वेगळी काढायला किमान 15 दिवसांची सलग नोंद लागते. कमी दिवसांत चंद्राचा वाटा सूर्याच्या खात्यावर जमा होतो. लाटेचा माथा रोज 50 मिनिटांनी पुढे सरकताना दिसला, तर मात्र कोकणातल्या कोणालाही संशय यावा. जानेवारी 2009मध्ये उत्तर ध्रुवावरचे स्थितांबर, म्हणजे ओझोनचा तो मधला थर, अचानक तापले, तेव्हा चंद्राचा हा वाटा एरवीपेक्षा ठळक झाला होता.

तेव्हा विनंती अशी, की अशा वाऱ्याचा आकडा छापताना उंची, तास आणि तो तास स्थानिक की ग्रिनिचचा, हेही छापावे. आकडा सरासरीचा असेल, तर किती दिवसांची सरासरी तेही.

– एक वाचक, रत्नागिरी