पाठलाग शर्यतीतील बरोबरी

महोदय,

ट्रॅक सायकलिंगमधील महिलांची वैयक्तिक पाठलाग शर्यत, जिच्यात दोघी धावपट्टीच्या समोरासमोरच्या बाजूंनी एकाच वेळी निघतात, २०२५पासून तीनऐवजी चार किलोमीटरची, म्हणजे पुरुषांइतकीच झाली, याचे मनापासून स्वागत. २५० मीटरच्या धावपट्टीवर या सोळा फेऱ्या भरतात. मात्र १९९२ ते २००८ या काळात ऑलिम्पिकमध्ये असलेली ही शर्यत पुढे वगळली गेली, याची खंत उरतेच. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर, कपाशीच्या शेतांमधल्या खड्ड्यांच्या रस्त्याने, उतरलेली चेन काळ्या झालेल्या बोटांनी पुन्हा चढवत मुली रोज शाळा गाठतात. क्रीडा शिक्षकांनी त्यांना या शर्यतीची ओळख करून द्यावी आणि जिल्ह्यात सायकलिंगसाठी निदान एक साधी सिमेंटची धावपट्टी व्हावी, ही कळकळीची विनंती.

— एक शिक्षिका, जि. यवतमाळ