काका, हो, जेवले

ती. स्व. काका,
सा. न. वि. वि.

पत्र पोस्टानं पाठवणार होते, पण त्याआधी मीच शाहूपुरीत येऊन थडकेन. शिवाय तोंडावर आभार मानले की तुम्ही "चल, चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघडच लिहितेय.

पुण्यातल्या मेनफ्रेमच्या, म्हणजे मोठ्या कंपन्यांतल्या अवाढव्य कॉम्प्युटरच्या, क्लासनं फी मात्र वेळच्या वेळी घेतली. पहिल्याच दिवशी काळ्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, खाली 'मोअर' आलं, म्हणजे पडदा भरलाय, पुढे अजून आहे. मी एंटर दाबलं, तर 'होल्डिंग', म्हणजे पडदा तिथेच थांबला. आणखी घाबरून पुन्हा एंटर. हात वर केला तेव्हा सर म्हणाले, "एवढं तर यायलाच पाहिजे." वर्ग हसला. नोकरीत एका सिनिअरला विचारलं, तर मॅन्युअलची लिंक आली आणि पुढे हसरा चेहरा. मोअरला एंटर नाही, क्लिअर द्यायचं, हे सांगायला वेळ तो किती लागतो? तुम्ही बँडेजच्या चिकटपट्टीचा तुकडा माझ्या लॅपटॉपच्या सी वर लावलात आणि म्हणालात, "क्लिअरसाठी ऑल्ट धर आणि हे दाब." तो तुकडा आता मळलाय, पण काढलेला नाही.

व्हीएम/३७० ही आयबीएमच्या मेनफ्रेमची सिस्टिम आली १९७२ मध्ये, आणि मेनफ्रेमचं सोंग घेणाऱ्या हर्क्युलिस या प्रोग्रॅममुळे ती तुमच्या जुन्या लॅपटॉपवर चालते, हे मी वाचलं होतं. पण व्हर्च्युअल मशीन म्हणजे नेमकं काय, ते डोक्यात शिरत नव्हतं. तुम्ही वाड्याचं उदाहरण दिलंत. सीपी, म्हणजे एकच मशीन सगळ्यांना वाटून देणारा प्रोग्रॅम, हा वाड्याचा मालक. आत वीस बिऱ्हाडं, पण प्रत्येकाला वाटतं अख्खा वाडा आपलाच, कार्ड रीडर आपला, प्रिंटर आपला, डिस्क आपली. सीएमएस, म्हणजे ज्यात आपण प्रत्यक्ष काम करतो ती छोटी सिस्टिम, हा त्यातल्या एका बिऱ्हाडाचा संसार. मी मान डोलावली. खरं सांगू? तेव्हाही कळलं नव्हतं.

कळलं ते दुपारी. तुम्ही दुसरा लॅपटॉप घेऊन बाहेर झोपाळ्यावर जाऊन बसलात. मला वाटलं, कंटाळले बिचारे. मी आत सीएमएसयूजर या नावानं लॉगऑन करून एडिटरशी झटापट करत होते. तेवढ्यात पडद्यावर ऑपरेटरकडून, म्हणजे तुमच्या खात्यावरून, एक ओळ उमटली, इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, मराठीत: 'जेवलीस का?'

मी जेवले नव्हते. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं, आणि ते तुमच्या लक्षात आलं होतं. डोळे भरून आले, आणि त्याच क्षणी डोक्यात दिवा लागला. ऑपरेटरचं मशीन वेगळं, माझं वेगळं, तरी दोन्ही एकाच डब्यात, आणि मधे निरोप पोचवणारा सीपी. शेजारच्या बिऱ्हाडातून भिंतीवर टकटक व्हावी तसं. काकूंनी पिठलं-भाकरी वाढली, तोवर मी तुम्हाला उलट मेसेज धाडायलाही शिकले होते.

ज्ञान असणारी माणसं खूप भेटली हो. न येणाऱ्याला लाज वाटू न देता शिकवणारी फार कमी. तुम्ही निवृत्तीनंतर एका पोरीसाठी आठ रविवार घालवलेत आणि एकदाही "सोपं आहे" म्हणाला नाहीत. सोपं आहे असं ऐकलं, की ज्याला येत नाही तो आणखी खचतो. हे त्या क्लासवाल्यांना कोण सांगणार?

येत्या रविवारी कंदी पेढे घेऊन येतेय. तुमच्या वाट्याला एकच, काकूंनी बजावलंय. आणि एक कबुली द्यायची राहिली. गेल्या वेळी निघताना मी लॉगऑफ केलं नव्हतं, नुसतं डिस्कनेक्ट करून आले. म्हणजे तुमच्या वाड्यातलं माझं बिऱ्हाड मी काही स्वतः मोडलेलं नाही. मी येईपर्यंत तुम्हीही मोडू नका.

तुमची,
सीएमएसयूजर