कोपर-मनगट दुखणाऱ्यांसाठी सूचना (तालीम, सांगली)

सर्व पैलवान आणि पालकांना नमस्कार.

पंधरा दिवसांत दोरी चढणारी तीन-चार पोरं कोपर धरून कट्ट्यावर बसलेली दिसली. कोपराच्या आतल्या हाडाच्या उंचवट्यावर बोट दाबलं की कळ येते, सकाळी दुधाचा तांब्या उचलवत नाही. ही कंडरेची, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्याची, दुखापत. स्नायू काही आठवड्यांत ताकद धरतो, कंडरेला महिने लागतात. म्हणून अंगात रग येते आणि कोपर मागे राहतं.

अशांची दोरी, मुदगल आणि जोर सध्या बंद. बैठका, पळणं चालू ठेवा. हात गळ्यात अडकवून घरी बसू नका, पूर्ण विश्रांतीनं कंडरा आणखी कमजोर होते. हात मांडीवर टेकवा, तळवा वर, एक-दोन किलोचं वजन मनगट न हलवता 30 ते 45 सेकंद धरा. मध्ये दोन मिनिटं थांबून असं 5 वेळा. थोडं दुखलं तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलं असेल तर हातातलं वजन कमी करा. वजन हळूहळूच वाढवायचं, निदान 12 आठवडे धरून चाला.

गोळी खाऊन मातीत उतरू नका. मी जत्रेच्या कुस्तीसाठी ते केलं होतं, सगळा हंगाम गेला.

करंगळीला मुंग्या, पकड सुटणं किंवा बोटात ‘टक्’ होऊन सूज आली, तर चोळत बसू नका. त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे जा, आणि वस्तादांना कळवा. दुखणं सांगितलं म्हणून कुणाला आखाड्याबाहेर काढणार नाही.