उजनीच्या पाण्यात आमची खताची पोती

महोदय,

यंदा खरिपाच्या तोंडावर डीएपीच्या दोन पोत्यांसाठी तालुक्याच्या गावी तीन हेलपाटे घातले. तिसऱ्या खेपेला पोती मिळाली, तीही नको असलेल्या बाटल्या गळ्यात मारून. आमच्याकडे याला ‘लिंकिंग’ म्हणतात आणि आता त्याचे कोणाला नवलही वाटत नाही. घरी येताना उजनी धरणाचा फुगवटा लागतो. पाणी हिरवेगार, काठाला जलपर्णी. तेव्हा मनात आले, माझे खत इथेच तर पडले आहे.

डीएपीच्या पोत्यावर 18:46 छापलेले असते. यातले 18 म्हणजे नत्र (नायट्रोजन) आणि 46 म्हणजे स्फुरद (फॉस्फरस), तोही ऑक्साइडच्या रूपात मोजलेला टक्का. नत्र हवेतून काढता येते. स्फुरद मात्र खडकातूनच खणावा लागतो. जगातले सर्वांत मोठे साठे मोरोक्कोकडे आहेत. आपल्याकडे उदयपूरजवळ झामरकोट्राची खाण आहे, पण देशाची भूक मुख्यतः आयातीवर भागते. प्रशांत महासागरातल्या नाउरू बेटाने आपला स्फुरद जगाला विकला. आज त्या बेटाचा बहुतेक भाग खणून ओसाड झाला आहे.

आणि एवढ्या लांबून आणलेल्या स्फुरदाचे आपण काय करतो? आमच्या चुनखडीच्या काळ्या रानात तो कॅल्शियमशी बांधला जातो, पहिल्या हंगामात पिकाला जेमतेम पाचवा हिस्सा लागू पडतो. म्हणून पीएसबीचे (स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंचे) कल्चर शेणखतात मिसळून टाकायचे आणि माती परीक्षण करूनच पोते फोडायचे, हे आम्हा शेतकऱ्यांचे काम. त्यात आमचीही हयगय आहे, हे कबूल. पिकाने जो उचलला, तो धान्य-भाजीपाल्यातून शहरात जातो, तिथून गटारात, मुळा-मुठेतून भीमेत आणि शेवटी उजनीत, जलपर्णी पोसायला.

साधा हिशेब करू. एक माणूस मलमूत्रातून रोज साधारण 1 ग्रॅम स्फुरद (शुद्ध फॉस्फरस) बाहेर टाकतो. 50 किलोच्या डीएपीच्या पोत्यात तो सुमारे 10 किलो असतो. म्हणजे 27-28 माणसांमागे वर्षाला एक पोते. दहा लाख वस्तीमागे 36 हजार पोती! सगळा हाती लागणार नाही, पण निम्मा लागला तरी किती?

गंमत अशी की, हे मूलद्रव्य सापडले तेच मुळी मूत्रात. 1669 साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात हेनिग ब्रँड नावाच्या किमयागाराने सोन्याच्या आशेने मूत्र आटवले. सोने नाही, अंधारात चमकणारा फॉस्फरस हाती आला. त्याच हॅम्बुर्गमध्ये आता मैल्याचा गाळ जाळून त्याच्या राखेतून फॉस्फरस वेगळा काढण्याचा कारखाना उभा राहिला आहे. 2017 च्या नियमानुसार जर्मनीतल्या मोठ्या मैलाशुद्धीकरण केंद्रांना 2029 पासून तो परत मिळवावाच लागणार आहे. गाळ सरळ शेतात टाका, असे मी म्हणत नाही. कारखान्यांचे सांडपाणी मिसळले की त्यात जड धातू येतात, ते आमच्या उसात नकोत.

पुण्यात नवी मैलाशुद्धीकरण केंद्रे होत आहेत. किती दशलक्ष लिटर पाणी शुद्ध होणार, हे बातम्यांत वाचतो. त्यातून स्फुरद किती काढणार, हा आकडा कधी वाचला नाही. आपल्या वार्ताहराने महापालिकेला तेवढे विचारून छापावे, ही विनंती.

– एक शेतकरी वाचक, ता. इंदापूर, जि. पुणे