ज्याच्या पाठीवर बसून फुलांची दरी पाहिली, त्या भावास

प्रिय भाऊ,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र मराठीत आहे, तुला ते वाचता येणार नाही. तुला फोनवर हिंदीत सगळं सांगेनच. पण इकडच्या माणसांनाही तुझ्याबद्दल कळावं असं वाटलं, म्हणून आधी इथे लिहिते आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये पुण्याहून आम्ही 6 जण कॅमेरे घेऊन उत्तराखंडात फुलांच्या दरीत आलो होतो. गोविंदघाट, तिथून जीपने पुलना आणि पुढे घांघरियापर्यंतची चढण. ती मी पायी चढले आणि त्याच रात्री माझा डावा गुडघा सुजला. दरीत कुणाला मुक्काम करू देत नाहीत, घोडी-खेचरं आत सोडत नाहीत. गटातला एक जण काळजीनेच म्हणाला, "काकू, तुम्ही उद्या हॉटेलातच आराम करा." 61व्या वर्षी, 2 वर्षं पैसे साठवून फुलं अगदी जवळून टिपायची मॅक्रो लेन्स घेतली होती रे मी. त्या रात्री झोप लागली नाही.

सकाळी तू कंडी, माणसाला पाठीवर वाहून न्यायची टोपली, घेऊन दारात उभा. माणसाच्या पाठीवर बसायचं या कल्पनेनेच मला लाज वाटत होती. ते तू ओळखलंस. "आमा, तुम्ही नाही बसलात तर माझी आजची मजुरी बुडेल," म्हणालास. आमा म्हणजे आई. माझा संकोच तू असा स्वतःच्या गरजेत गुंडाळून बाजूला ठेवलास.

कंडीत पाठीला पाठ लावून बसायचं असतं, हेही मला ठाऊक नव्हतं. तू पुढे बघत चढायचास आणि मला मागे राहिलेली वाट दिसायची. पुष्पावती नदीवरचा पूल, भोजपत्राची झाडं, आणि आमची मंडळी घाईत ओलांडून गेली होती ती कितीतरी फुलं. कासच्या पठारावर तेरडा टिपायला मी चिखलात पोटावर पडते. इथे त्याचा गुलाबी भाऊबंद माणसाच्या उंचीचा, तुझ्या पाठीवरून थेट माझ्या डोळ्यांसमोर. काठीने टोपलीवर दोनदा टकटक केलं की थांबायचं, अशी आपली खूण ठरली. मी किती वेळा टकटक केलं ते आठवून आता वाईट वाटतं.

एका उतारावर पांढऱ्या तुऱ्यांची दाट झुडपं पाहून मी हरखले. तू मान हलवलीस. "हा अमेला, आमा. बाकीच्या फुलांना जागा ठेवत नाही." 1982 साली राष्ट्रीय उद्यान झालं, शेळ्या-मेंढ्यांची चराई थांबली आणि नंतर हा अमेला माजला, असं तिथे पुष्कळ लोक म्हणतात. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. वनखातं तो उपटत असतं. तू सांगितलं नसतंस तर दरीचा सर्वांत सुंदर फोटो म्हणून मी तोच घरी आणला असता.

इंग्रज वनस्पती-अभ्यासक जोन मार्गारेट लेग यांच्या समाधीपाशी तू मला उतरवलंस. फुलं गोळा करायला त्या इथे आल्या आणि 1939 मध्ये कड्यावरून घसरून गेल्या. तिथे मी कॅमेरा काढला नाही. तूही काही बोलला नाहीस, फक्त दगडावरची ओली पानं हाताने बाजूला केलीस.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

मी टकटक केलं की तू तुझा टोकमा, ती टी-आकाराची काठी, कंडीखाली टेकवून उभा राहायचास. मला वाटायचं, बरं झालं, त्याला विसावा मिळतोय. परतताना चहा पिताना मी सहज म्हटलं की माणसाच्या पाठीवरून काढूनही फोटो हलले कसे नाहीत. तू कपात बघत म्हणालास, "मी श्वास धरायचो ना. खट् आवाज आला की सोडायचो."

समुद्रसपाटीपासून 3000 मीटरच्या वर, माझं आणि माझ्या बॅगेचं ओझं कपाळावरच्या पट्ट्यावर, तुझ्या नाम्लोवर, पेलत. मोकळ्या हाताने चालतानाही तिथे धाप लागते. आणि मी तर एकेका फुलाचे चार-चार फोटो घेत होते! मला त्या क्षणी काही बोलताच आलं नाही. मजुरी दिली, वर थोडे पैसे दिले, पण ते या श्वासांचे नव्हते. त्याचे आभार मानायचे राहिले, ते आज मानते आहे.

तुझ्यासाठी 12 प्रिंट काढल्यात, तिकडच्या पावसासाठी लॅमिनेट करून. जूनमध्ये दरी उघडली की आमच्या गटाचे सर पुन्हा येतील, ते आणून देतील. सर्वांत वर निळी खसखस आहे, तो दगडांमधला काटेरी देठ आणि पावसाने जड झालेल्या आकाशी पाकळ्या. वारा अडवायला तू तुझं प्लास्टिक धरून उभा होतास, त्याची कड फोटोच्या उजव्या कोपऱ्यात आली आहे. सर म्हणाले, तेवढा भाग कापला तर चित्र स्वच्छ होईल. दिवसभर तू माझ्या पाठीमागेच होतास, त्यामुळे तुझी खूण असलेला माझ्याकडे हा एकच फोटो आहे. मी तो कापला नाही.

तुझी,
पुण्याची आमा