मैदान खेळण्याजोगं आहे का?

थर्लसजवळ, टिपरेरी, आयर्लंड
शनिवार सकाळ

प्रिय सुध्या,

गणपती मंडळाचं खजिनदारपद गळ्यात पडलं म्हणून तू तीन पानं रडलास. आता माझं ऐक.

आमचा ओंकार इथे हर्लिंग खेळतो. हातात अ‍ॅशच्या लाकडाची, चपट्या तोंडाची काठी, चामड्याचा टणक चेंडू, दोन्हीकडे पंधरा-पंधरा गडी. विटीदांडू आणि हॉकीचं कडाक्याचं भांडण समज. चेंडू आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन गुण. वरून गेला तर एक. हा खेळ चालवणारी गेलिक संघटना 1884 साली थर्लसच्याच हेज हॉटेलात स्थापन झाली, त्यामुळे इथल्यांचा तोरा काही विचारू नकोस. पण ऐंशी हजार प्रेक्षकांच्या क्रोक पार्क स्टेडियमवर फायनल खेळणाऱ्यालाही पगार नाही, तिथे गावच्या क्लबच्या सेक्रेटरीला कोण विचारतो!

हे सेक्रेटरी म्हणजे आमचे शेजारी. दिवसा गाई, रात्री क्लब. पोरांची नोंदणी, प्रशिक्षकांची पोलीस पडताळणी, दर आठवड्याची लॉटरी, शिवाय मुलाला बाकावर बसवलं म्हणून रात्री दहाला येणारे आईबापांचे फोन. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात निशाणं उभी असतात, गोलचं हिरवं आणि गुणाचं पांढरं. हिरवं घेऊन नात अंगणभर पळते आणि हे मॅचच्या दिवशी ते शोधत फिरतात.

संघाची यादी आयरिश भाषेत द्यावी लागते. जॉनचा शॉन झाला, मेरीच्या पोराचंही जमलं, 'ओंकार'पाशी पेन थांबलं. मला हाक मारली, "याचं आयरिश काय करू?" म्हटलं, ओंकाराचं भाषांतर आमच्याकडेही कुणी केलेलं नाही. तसंच लिहिलं त्यांनी. कुलकर्णी मात्र तीनदा खोडलं.

डिसेंबरातल्या वार्षिक सभेत ते म्हणाले, "यंदा मला सोडा." सभागृह एकदम बुटांकडे बघायला लागलं. आपल्याकडे निदान कुणीतरी चहाला उठतो! मी घड्याळ बघायला मान वर केली, एवढाच माझा गुन्हा. सेक्रेटरी तेच राहिले, सहायक मी झालो.

रात्रभर पाऊस होता. सकाळी सातला मोजे चिखलात बुडवून गोलपोस्टपाशी टाच दाबून पाहिली, पाणी वर आलं. मी "नाही" म्हणायच्या आत ते म्हणाले, "दुपारपर्यंत ओढून घेईल."

थांब, फोन वाजतोय. सकाळपासूनचा चौथा. हाही तेच विचारणार.

तुझा,
मिल्या